उतरवणे

पहिले तीन रविवार त्याने धनुष्याला हातच लावू दिला नाही.
तिल्लोरच्या अलीकडे, सोयाबीन निघालेल्या शेतात
वेस्ता डावर मला नुसती उभी करायचा.
पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे सैल.
"मॅडम, हरीण आधी तुमचे पाय ऐकतं."

आठवडाभर तो आमच्या ब्रांचच्या दारात
दुनळी घेऊन स्टुलावर असतो.
एकोणीस वर्षांत तिच्यातून गोळी सुटलेली नाही.
मी काचेच्या आत. अंगठा ओल्या स्पंजवर, अंगठा नोटेवर,
माझा सगळा पगार त्या एका अंगठ्याचा.

आणि हा म्हणतो, अंगठा बाजूला ठेवा.
दोन बोटांच्या मध्ये बाण. अंगठा नुसता बघेल.
का, म्हणून विचारलं.
"आमच्यात असंच," म्हणाला,
आणि गवताची काडी दातात धरली.
ती गोष्ट मला शाळेत होती, गुरुभक्तीच्या धड्यात.
त्याला कुठल्या धड्यात होती
हे ओठांपर्यंत आलं, मग मी दोरीकडे बघत बसले.

हरीण आम्ही घरच्या जुन्या गादीचं केलं.
काथ्या, सिमेंटची गोणी, अंगावर चुन्याचे ठिपके,
वाळक्या बाभळीची शिंगं, एक जरा वाकडं.
दिगंबर म्हणाला, पंधरा वर्षं झोपलो जिच्यावर
तिला आता बाण मारणार तू?
पुढच्या पायाच्या वर, खांद्याच्या मागे
वेस्ताने रुपयाएवढं वर्तुळ काढलं.
माझे पहिले चाळीस बाण हरभऱ्याच्या शेतात गेले,
चार अजून सापडायचेत.

दोरी डाव्या हातावर अशी बसली
की मनगटापासून कोपरापर्यंत जांभळं.
तोतडेबाईंनी डबा उघडता उघडता हळूच विचारलं,
घरी सगळं ठीक ना गं?

चिमटीतली माती सोडून वारा बघायचा.
शनिवारी रात्री चंदनाचा साबण बंद.
पण शिकार तर कुणीच करणार नाहीये, मी म्हटलं,
समोर रालामंडल, तिथल्या हरणांना सरकारचं कुंपण,
मग वासाचं काय एवढं?
"माझ्या बापाने केली होती, एकदा.
जामिनाला गाय विकली."
थोडा वेळ तो बाणाची पिसं सरळ करत राहिला.
"शिकायचं तर सगळं शिका."

जानेवारीतला तो रविवार.
धुक्यात गादी अर्धीच दिसत होती, वाकडं शिंग वर.
मी दोरी ओढली, गालाला टेकवली,
श्वास अर्ध्यावर थांबवला, सगळं पहिल्यांदाच जमून आलं,
आणि गादीच्या मागून
दुसरी एक मान वर झाली.

कुंपण कुठेतरी फाटलं असणार.
चितळाची मादी. ओलं नाक, एक कान माझ्याकडे,
एक टेकडीकडे.
ती गादीला हुंगत होती,
आमच्या पंधरा वर्षांच्या झोपेला.

वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता. बरोबर होता.
पाय बरोबर होते.
रुपयाएवढी जागा तिच्याही अंगावर होती, चुन्याशिवाय.
मला ती दिसली. दिसली नाही असं म्हणणार नाही.

"उतरवा," वेस्ता ओठांतच बोलला.

हे त्याने शिकवलंच नव्हतं.
दोरी सोडायची नाही, बाण निसटू द्यायचा नाही,
इंच इंच परत न्यायची, सगळा जोर जिथून आणला तिथे.
पाठीत कळ गेली, दंड लटलटला,
डोळ्यांत घाम की पाणी उतरलं,
आणि दोरी अजून गालापासून वीतभरसुद्धा गेली नव्हती.

ती कधी गेली, बघितलं नाही.
वेस्ताने माझ्या हातातून बाण काढून घेतला,
मग धनुष्य, मग म्हणाला, बसा.

सोमवारी पाचशेचं एक बंडल दोनदा मोजलं.
काचेबाहेरचे म्हातारे गृहस्थ खाकरले.
अंगठा ठीक चालत होता.
शेजारची दोन बोटं थांबत नव्हती.